बाटली इथेच राहू द्या

गुरुवार, रात्र

मला हल्ली कुणाचं चांगलं वागणं पचत नाही, असं मंजूचं म्हणणं. मंजूला काय, बोलते आणि फोन ठेवते. तिच्या मते हा सगळा त्या सिरीजचा परिणाम. "रात्री बसून डॉक्टरांनी केलेले खून बघतेस आणि सकाळी उठून आम्हाला उलटतपासणी करतेस." तिची उलटतपासणी मी कधी केली ते काही तिने सांगितलं नाही. आणि मी काय रोज खून बघत नाही. आदित्यने जाताना टीव्हीत ती ॲप्स घालून दिली, आई नऊला आडवी होते, मग पुढे मी करायचं काय? भिंतींकडे बघत बसू? जाऊ दे. तो विषय नको.

विषय मंगळवारचा आहे. तेवढाच लिहायचा आहे.

मंगळवारी डॉक्टर आईला बघायला घरी आले होते. लिफ्ट पुन्हा बंद. या वयात चार मजले चढून आले, दारात जरा थांबून दम खाल्ला, ओली छत्री बाहेर कठड्याला अडकवली आणि आत येऊन थेट आईला, "काय काकू, रागावलात? काल यायचं राहिलं." आई कसली रागावते. तिचा चेहरा डॉक्टरांना बघून जेवढा उजळतो तेवढा दादाला बघूनही उजळत नाही. (दादाला बघायला मिळालं तर. असो.)

मुंग्यांसाठी बी-ट्वेल्व्ह चालू आहे, एक दिवसाआड. त्यांनी बॅगेतून ती तपकिरी काचेची बाटली काढली, करंगळीएवढी, कापूस धरून मान मोडली, टक असा आवाज झाला, लाल औषध सिरिंजमध्ये ओढलं, इंजेक्शन दिलं, आईशी बोलत बोलत जागा चोळली. मग सुई त्यांच्या त्या छोट्या डबीत टाकली, फुटकी बाटली कापसात गुंडाळली आणि बॅगेत ठेवायला लागले. आणि माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर, ती बाटली इथेच राहू द्या."

ठरवून बोलले नव्हते. पण बोलले, आणि चांगलं खणखणीत बोलले.

"का गं?"

"नाही, म्हणजे, मी टाकते ना."

"अगं काच आहे. आपण कचऱ्यात टाकतो आणि उचलणाऱ्या पोराच्या हातात घुसते. दवाखान्यात निळा डबा आहे, त्यात जाते ही." एवढं सांगून ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मग कापूस उलगडून बाटली काढली आणि टीव्हीच्या बाजूला ठेवली. लेबल माझ्याकडे करून.

हे लेबल माझ्याकडे करणं. त्याचंच मला काही केल्या काय ते कळत नाहीये.

वर हसून म्हणाले, "आमची ही पण बघते त्या सिरीजा. रात्री मला विचारते, आज कुणाकुणाला टोचून आलात?" आई हसली. मीही हसले. ते गेल्यावर फोनच्या कॅमेऱ्याने लेबल मोठं करून वाचलं. मिथाइलकोबालामिन, म्हणजे तेच बी-ट्वेल्व्ह, १५०० मायक्रोग्रॅम. बॅच नंबर, एक्सपायरी पुढच्या वर्षीची. सगळं जिथल्या तिथे.

मला पश्चात्ताप वगैरे झालेला नाही, हे आधी लिहून ठेवते. आपल्या आईच्या अंगात काय जातंय ते बघायचा मला हक्क आहे, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन. बोचतंय ते वेगळंच. डॉक्टरांना लगेच कळलं. मी का म्हणाले ते त्यांना विचारावं लागलं नाही. म्हणजे मी पहिली नाही. म्हणजे आणखी कुठल्या तरी घरात कुणी तरी असंच त्यांच्या हाताकडे बघत असतं, आणि त्यांनी त्याची सवय करून घेतली आहे. आणि मला वाईट त्यांचं वाटतंय की माझं, तेही नीट सांगता येत नाही. बहुतेक माझंच.

त्या शिपमनने सुरुवात झाली. म्हणजे मी त्याने केली. यूट्यूबवर शोधता शोधता आयटीव्ही या ब्रिटिश चॅनेलची २००२ सालची जुनी फिल्म सापडली, जेम्स बोलॅम त्यात हॅरॉल्ड शिपमन झालाय. मँचेस्टरजवळच्या हाइड नावाच्या गावातला साधा फॅमिली डॉक्टर. दाढी, चष्मा, हातात बॅग. मला वाटलं होतं भयंकर काही तरी दिसेल, काळोख, किंचाळ्या. तर दुपारचं ऊन, स्वच्छ दिवाणखाना, खुर्चीत बसलेली म्हातारी, आणि डॉक्टर तिची बाही वर करतोय. बस. ती म्हातारी त्याला थँक्यू म्हणते.

तो घरी जायचा, हे माझ्या मनातून जात नाही. आपली सगळ्यांची तक्रार काय असते? हल्ली डॉक्टर घरी येत नाहीत. वेळ देत नाहीत, नावाने ओळखत नाहीत, मान वर करून बघत नाहीत. शिपमन हे सगळं करायचा. लोक त्याच्या यादीत नाव लागावं म्हणून थांबून राहायचे. त्याला पकडल्यावरसुद्धा कित्येक पेशंटांचा विश्वास बसेना. १५ खुनांसाठी २००० साली जन्मठेप झाली, आणि नंतर न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत २१५ जणांना त्यानेच मारल्याचं निघालं. बहुतेक एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका. डायमॉर्फिन द्यायचा, मॉर्फिनच्या जातीचं जबरदस्त वेदनाशामक. ते साठवायचा कसं, तर कॅन्सरचा पेशंट घरी वारला की त्याचं उरलेलं औषध "मी नेतो" म्हणून उचलून आणायचा. घरचे म्हणत असणार, किती काळजी घेतो माणूस.

आता सांगा, हे बघितल्यावर डॉक्टर बाटली बॅगेत टाकताना मी काय करायचं होतं?

नाही, पण आमच्या डॉक्टरांनी जे कारण सांगितलं तेही खरंच आहे. मी बघितलं, काच निळ्या डब्यात, सुया पांढऱ्या, २०१६ चे नियमच आहेत. म्हणजे चांगला डॉक्टर बाटली घेऊन जातो आणि वाईटही घेऊन जातो. मग मी ओळखायचं कशावरून? इथे मी येऊन अडकते. मंगळवारपासून भाजी चिरताना, बँकेत काउंटरवर, गाडीत लटकताना, इथेच येऊन अडकते.

आणि मग बाबांचं आठवलं, जे आठवायला नको होतं.

बाबा गेले त्या पहाटे डॉक्टर लेंग्यावर शर्ट चढवून धावत आले होते. नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, आईच्या डोक्यावर हात ठेवला, आणि डायनिंग टेबलावर बसून दाखला लिहून दिला. माणूस घरी गेला की तो ४-अ चा फॉर्म लागतो, त्याशिवाय भोईवाड्याच्या स्मशानात पुढचं काही होत नाही. कारण, हृदयविकार. दादा तेव्हा म्हणाला होता, अशा वेळी आपला डॉक्टर असला की किती सोपं होतं गं. झालंच सोपं. पलीकडच्या विंगमधल्या त्या मंडळींचा कुणी ठरलेला डॉक्टर नव्हता, ते बिचारे मयत घरात ठेवून दाखल्यासाठी दारोदार हिंडत होते. आम्हाला एका सहीत मोकळं केलं.

एका सहीत. हाइडला निदान दोन लागायच्या. दहन करायचं तर दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरचीही सही हवी, असा तिथला कायदा. आणि त्या दुसऱ्या सहीनेच शंका आली. समोरच्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्स १९९८ च्या मार्चमध्ये कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेल्या, की या माणसाचे एवढे फॉर्म आमच्याकडे सहीला येतात कसे. पोलिसांनी थातूरमातूर चौकशी करून फाइल बंद केली. त्यानंतर तिघी गेल्या. शेवटची ८१ वर्षांची, गावची माजी महापौर. तिच्या नावाने त्याने स्वतःच्याच टाइपरायटरवर खोटं मृत्युपत्र बडवलं, आणि तिची मुलगी निघाली वकील. तिथे संपला. कॉम्प्युटरवर त्याने मागच्या तारखा घालून आजार लिहून ठेवले होते, पण खरं कधी टाइप केलं ते आत राहिलं होतं. मला सगळ्यांत आवडला तो तिथला टॅक्सीवाला. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ने-आण करायचा. आपली गिऱ्हाइकं एकेक करून जातायत आणि सगळ्यांचा डॉक्टर एकच, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने घरी यादी करायला घेतली. पोलीस, कौन्सिल सगळे झोपलेले, आणि यादी कोण करतंय, तर टॅक्सीवाला.

त्या चौकशीनंतर तिकडे ठरलं की घरच्या डॉक्टरने लिहिलेलं कारण बाहेरच्या कुणी तरी तपासावं. ते सगळीकडे कायद्याने लागू व्हायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. साहेबांच्या देशात. आपलं काय बोलायचं.

बाबांचं हृदयच होतं. मला माहीत आहे. रिपोर्ट आहेत, मी तिथेच होते. मी त्याबद्दल काही म्हणत नाहीये. फक्त

नको. हे नकोच.

मग म्हटलं, प्रेमळपणाचं सोडा, आपण डिग्री बघू. शिक्षण बघू. तर ती दुसरी सिरीज समोर आली, अमेरिकेतल्या डॅलसची, २०२१ ची, जोशुआ जॅक्सन आहे तो. ख्रिस्तोफर डंच नावाचा मणक्याचा सर्जन. दोन वर्षांत ३८ पेशंटांना हात लावला, त्यातले ३३ जायबंदी, त्यांतले दोन गेले. स्वतःच्या जिवलग मित्राला मानेखाली लुळा करून ठेवला. एका बाईचं बिघडवलेलं ऑपरेशन दुरुस्त करायला डॉ. रॉबर्ट हेंडरसन यांना बोलावलं. उघडून बघतात तर स्क्रू हाडात नाहीतच, मांसात बसवलेत, आणि एक नस कापलेली. हेंडरसनना वाटलं, हा डॉक्टरच नव्हे, कुणी तरी तोतया डंचचं नाव लावून फिरतोय. म्हणून त्यांनी त्याच्या विद्यापीठाला त्याचा फोटो फॅक्स केला, की हाच का तुमचा माणूस.

हाच होता. एम.डी. झालेला. वर पीएच.डी.

तो प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा बघितला. तोतया असता तर किती बरं झालं असतं. तोतया पकडला की बाकीचे सगळे खरे, आपण सुटलो. हा तर रीतसर शिकलेला, रीतसर नेमलेला, आणि एका हॉस्पिटलने त्याला गुपचूप राजीनामा देऊ दिला म्हणून दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा. कोर्टकज्जे कुणाला हवेत? २०१३ च्या जूनमध्ये लायसन्स थांबलं, २०१७ मध्ये जन्मठेप. मधल्या काळात ज्यांचे मणके गेले ते गेले.

त्याच मालिकेच्या पुढच्या भागात तो इटालियन, पाओलो माकियारिनी. स्वीडनमधल्या कारोलिन्स्का संस्थेत, म्हणजे जिथे मेडिसिनचं नोबेल ठरतं तिथे, प्लॅस्टिकची श्वासनलिका माणसांना बसवत होता. आणि एकीकडे एका टीव्हीवालीला लग्नाचं वचन, आपलं लग्न पोप लावणार म्हणून. पोप! त्याला २०२३ साली अडीच वर्षं झाली. मंजू म्हणाली, पोपवर विश्वास ठेवणारी ती बाई मूर्खच असली पाहिजे. मूर्ख कसली, पत्रकार होती, निर्माती. लोकांची लफडी शोधणं हाच तिचा धंदा. मी मंजूला म्हटलं, तू त्या फ्लॅटवाल्यावर किती दिवस विश्वास ठेवला होतास? तेव्हा तिने फोन ठेवला. अच्छा, म्हणजे उलटतपासणी ती ही.

आईला या सगळ्याचं काही नाही. आईने 'देवमाणूस' सगळा बघितलाय, लॉकडाउनच्या दिवसांत, झी मराठीवर रात्री साडेदहाला, जेव्हा ती अजून जागत असे. २०२० च्या ऑगस्टअखेर सुरू झाली होती ती. बाहेर रस्त्यावर ॲम्ब्युलन्स, आत टीव्हीत किरण गायकवाड गोड हसून बायकांना इंजेक्शन देतोय, आणि आई सोफ्यावर पाय दुमडून बसून त्याला मनसोक्त शिव्या घालतेय. सरू आजीची म्हण आली की दुसऱ्या दिवशी ती आमच्यावर वापरायची. कामवाल्या बाईलाही सोडलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डॉक्टरांना फोन, "डॉक्टर, गुडघ्याचं ते इंजेक्शन कधी देताय?"

मी तेव्हा तिला सांगितलं होतं, आई, ही नुसती गोष्ट नाही, वाईजवळच्या प्रकरणावरून घेतलंय हे. धोम. तो संतोष पोळ. २०१६ साली एक अंगणवाडी सेविका नाहीशी झाली, तिचा शोध घेता घेता पोलीस त्याच्या फार्महाउसवर पोचले आणि जमीन उकरायला लागले. सहा खुनांचे आरोप, तेरा वर्षांत. भूल देताना स्नायू सैल करायला जे वापरतात ते औषध टोचून, असं पोलिसांचं म्हणणं. ते अंगात गेलं आणि कृत्रिम श्वास दिला नाही तर शुद्धीवर असलेल्या माणसाचाही श्वास थांबतो. आई ऐकून म्हणाली, "वाईला आपण गणपतीला गेलो होतो ना गं? ढोल्या गणपती. किती छान घाट आहे." संपलं.

मला तिचा हेवा वाटतो. हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं रागच येतो, पण नाही, हेवा. ती बाही वर करते आणि दुसरीकडे बघते. सुईकडे नाही, बाटलीकडे नाही, खिडकीतल्या कावळ्याकडे. मला असं दुसरीकडे बघायला कधी मिळणार? मी आजारी पडले की माझी बाटली कोण वाचणार? आदित्य? तो तिथून व्हिडीओ कॉलवर लेबल दाखव म्हणेल. फार तर.

हे वाचून मलाच माझी कीव यायला लागली, म्हणून चहा केला.

आता आजचं. आज इंजेक्शनचा दिवस, आणि डॉक्टर आलेच नाहीत. सकाळी दहा वाजले, अकरा वाजले. मी बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली. डोक्यात एकच, दुखावले. आयुष्यभर या घरात जिने चढले, माझा कांजिण्यांपासून हिशेब त्यांच्याकडे, आणि मी त्यांना बाटली ठेवून जा म्हटलं. येणारच नाहीत आता. दुसरा कोण येतो घरी? ॲपवरून बोलवायचा कुणी अनोळखी? मी तर मनात माफीचं भाषणही तयार करत होते, आणि त्याच वेळी हेही की माफी का मागायची, मी काय चुकीचं विचारलं. दोन्ही एकदम.

साडेअकराला बेल. दारात तिशीतला एक मुलगा, पाठीला सॅक, पायात फ्लोटर्स, घामाघूम. "सरांनी पाठवलंय. सरांचं आज मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे ना."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "हो, मंगळवारी सांगितलं होतं त्यांनी. तू आत चहा करत होतीस."

दोन दिवस! दोन दिवस मी इथे स्वतःला चाबकाने फोडतेय, आणि ही बाई कावळ्याकडे बघत बसली होती.

मुलगा आत आला. मी काही बोलायच्या आत त्याने बाटली काढली, लेबल माझ्यासमोर धरलं, नाव मोठ्याने वाचलं, एक्सपायरी वाचली, मग मान मोडली. आणि इंजेक्शन झाल्यावर बाटली टीव्हीच्या बाजूला, पहिलीच्या शेजारी ठेवायला गेला. "सर म्हणाले तुमच्याकडे ठेवतात."

मी म्हटलं, घेऊन जा बाबा, दोन्ही घेऊन जा.

मी नाव विचारलं, आणि तो हात धुवायला गेला तेवढ्यात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर घातलं. आहे. एम.बी.बी.एस., नोंदणी चालू आहे. (डंचचीही चालूच होती म्हणा. आता मी काय डॅलसला फॅक्स करू?) तोपर्यंत आईचं तिच्या पद्धतीने सुरू झालं होतं. कुठले तुम्ही? कणकवली. कणकवलीत कुठे? वडील काय करतात? आई कुठली? बाजारपेठेतले ते अमुक तुमचे कोण? मावशी? अगं बाई, म्हणजे कुमुदच्या नणंदेचा दीर! मुलगा बिचारा सगळी उत्तरं देत होता. माझ्या त्या साइटला एवढी माहिती नाही.

पोलिसांनी आईला हाइडला न्यायला हवं होतं. पहिल्याच दिवशी शिपमनचं आजोळ काढलं असतं तिने. पकडला असता का? नसता. आईला तो आवडलाच असता, सभ्य माणूस, आईवेडा, आई कॅन्सरने गेली बिचाऱ्याची. तिने त्याला लाडू दिले असते.

शनिवारी परत यायचाय तो. डॉक्टरांना फोन केला होता संध्याकाळी, डोळ्याला पट्टी आहे, बरे आहेत, म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण लक्ष ठेव हो त्याच्यावर." आणि हसले. मी विचारलं, तुमचं ऑपरेशन कुणी केलं? नाव सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, बघितलंत का नीट, कोण आहे ते? "अगं," म्हणाले, "टेबलावर झोपल्यावर काय बघणार? डोळाच त्याच्या हातात."

आईने झोपताना बजावलंय, शनिवारी त्याला नुसता चहा देऊ नकोस, बरोबर काही तरी कर, एवढे जिने चढून येतो. रवा आहे का बघायला हवं.